रस्त्यावरचा पोलिस, तुरुंगातले ठसे आणि आइस

एडिसनमधल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचा भाचा जॉर्जियात अटलांटाजवळ एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काम करतो. लायसन्सची मुदत टळून गेली होती, ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. हायवेवर पोलिसांनी थांबवलं, काउंटीच्या तुरुंगात नेलं, ठसे घेतले, रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाँड, म्हणजे जामिनाचे पैसे, भरून त्याला सोडवला. ताई म्हणतात, "इथे न्यू जर्सीत सगळे सांगतात की पोलिस इमिग्रेशनचं विचारत नाहीत. मग तिकडे त्याला जन्म कुठला, नागरिकत्व कुठलं, हे का विचारलं? लोकल पोलिस आइसला कळवतात का? आता पुढे काय? आणि मे महिन्यात आई-बाबा येणार आहेत, त्यांनी फिरायला जाताना काय जवळ ठेवायचं?"

मी न्यू जर्सीत इमिग्रेशनची वकिली करते आणि म्युनिसिपल कोर्टातही उभी राहते, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला रोज दिसतात. आपल्या लोकांची चूक होते ती एकाच ठिकाणी: ते "आमचे पोलिस चांगले की वाईट" असा विचार करतात. माणूस आइसच्या, म्हणजे फेडरल सरकारच्या इमिग्रेशन अंमलबजावणी खात्याच्या, हातात जातो की नाही हे बहुतेक वेळा रस्त्यावर ठरत नाही, तुरुंगात ठरतं. तिथेही दोन क्षण महत्त्वाचे असतात. एक, ठसे घेतले जातात तो. दुसरा, सुटकेचा.

आधी ठशांचं. तुरुंगात नोंद करताना घेतलेले ठसे राज्याकडून एफबीआयकडे जातात आणि एफबीआयकडून आपोआप होमलँड सिक्युरिटीच्या माहितीसाठ्याशी ताडून पाहिले जातात. 'सिक्युअर कम्युनिटीज' या नावाने ही सोय २००८ साली टेक्ससच्या हॅरिस काउंटीपासून सुरू झाली आणि २०१३ च्या सुरुवातीपर्यंत देशभर पोचली. सरकारं बदलली तसं कार्यक्रमाचं नाव आणि प्राधान्यक्रम बदलले, पण ठसे जायचे थांबले नाहीत. नुअर्क असो, सॅन फ्रान्सिस्को असो की अटलांटा, त्यात फरक नाही. तुमच्या भाच्याचे ठसे तर आधीपासूनच त्या साठ्यात आहेत, कारण मुंबईत व्हिसासाठी त्याने दहा बोटं टेकवली होती आणि विमानतळावर उतरल्यावर पुन्हा. त्यामुळे कोणी फोन करो वा न करो, त्याची अटक वॉशिंग्टनला समजली आहे. "आमच्या गावचे पोलिस कळवत नाहीत" यावर विसंबून राहू नका, असं मी सगळ्यांना सांगते ते यासाठी.

राज्याराज्यांतला फरक यापुढे सुरू होतो. ठसे जुळले आणि हा माणूस देशाबाहेर काढण्याजोगा आहे असं आइसला वाटलं, तर ते तुरुंगाकडे आय-२४७ए नावाचा फॉर्म पाठवतात. यालाच डिटेनर म्हणतात, आणि तुरुंगातले लोक बोलताना "आइस होल्ड" म्हणतात. फॉर्म छोटासा आहे. त्यात चार चौकोन असतात आणि संशयाचं कारण म्हणून त्यातल्या एखाद्यावर खूण केलेली असते: हद्दपारीचा अंतिम आदेश आहे, हद्दपारीचा खटला चालू आहे, ठशांवरून आणि नोंदींवरून खात्री पटली आहे, किंवा माणसाने स्वतः अधिकाऱ्याला दिलेली माहिती आणि इतर पुरावा आहे. शेवटचा चौकोन नीट वाचा. तुरुंगात कोणीतरी मवाळ आवाजात विचारलेल्या प्रश्नाला दिलेलं उत्तर तिथे कारण म्हणून उतरतं. फॉर्ममध्ये मागणी असते ती अशी: या माणसाची सुटका व्हायच्या वेळेनंतर आणखी ४८ तासांपर्यंत त्याला धरून ठेवा, तोवर आम्ही येतो. सोबत आइसच्याच अधिकाऱ्याच्या सहीचं वॉरंट जोडलेलं असतं. ते न्यायाधीशाचं वॉरंट नव्हे. फॉर्मवरच लिहिलेलं असतं की ज्याच्यासाठी हा डिटेनर आहे त्याला प्रत दिली तरच तो लागू होतो. ती प्रत मागा, आणि वकिलाला फोनवर वाचून दाखवा. मला फोन येतात ते "होल्ड आहे म्हणे" एवढ्यावर. कुठल्या चौकोनावर खूण आहे हे कळल्याशिवाय कोणताही वकील पुढचं नीट सांगू शकत नाही.

ही मागणी पाळणं तुरुंगावर बंधनकारक आहे का? आमच्या भागापुरतं उत्तर स्पष्ट आहे: नाही. फिलाडेल्फियाच्या थर्ड सर्किट अपील कोर्टाने २०१४ साली गलार्झा खटल्यात तसं सांगितलं. तो माणूस जन्माने अमेरिकन, आणि जन्मला कुठे, तर तुमच्या शेजारच्या पर्थ अँबॉयला. पेनसिल्व्हेनियात एका प्रकरणात पकडला गेला, जामीन भरला गेला, तरी आइसच्या डिटेनरवर त्याला शनिवार-रविवार धरून सोमवारपर्यंत डांबून ठेवलं. नागरिक असलेला माणूस, परदेशी समजून. कोर्ट म्हणालं की डिटेनर ही विनंती आहे, हुकूम नाही, आणि काउंटीने ती स्वतःच्या मर्जीने पाळली असेल तर जबाबदारीही काउंटीची. त्याच वर्षी ऑरेगनमधल्या एका फेडरल कोर्टाने क्लॅकमस काउंटीलाही अशाच कारणासाठी जबाबदार धरलं. त्यानंतर कितीतरी काउंट्यांनी निव्वळ डिटेनरवर माणूस धरणं बंद केलं. त्यामागे उदारपणापेक्षा नुकसानभरपाईचे दावे टाळण्याची काळजी जास्त होती.

याच्या मुळाशी राज्यघटनेचा एक नियम आहे. फेडरल सरकार राज्याच्या अधिकाऱ्यांना स्वतःच्या कामाला जुंपू शकत नाही. सुप्रीम कोर्टाने हे १९९७ साली बंदूक विकत घेणाऱ्यांच्या पार्श्वभूमी तपासणीवरच्या प्रिंट्झ खटल्यात सांगितलं, आणि २०१८ साली पुन्हा सांगितलं ते न्यू जर्सीच्याच खटल्यात, खेळांवरच्या सट्ट्याच्या प्रकरणात. म्हणजे बंदुका बाळगणाऱ्यांना आणि सट्टेवाल्यांना ज्या नियमाने आधार दिला, त्याच नियमावर आज 'सँक्चुअरी' म्हटली जाणारी, म्हणजे आइसला मदत नाकारणारी, राज्यं उभी आहेत. दुसऱ्या बाजूला १९९६ चा एक फेडरल कायदा आहे, त्याचं कलम १३७३. एखाद्याच्या इमिग्रेशन स्थितीची माहिती आइसला देण्यापासून आपल्या अधिकाऱ्यांना अडवू नका, असं ते राज्यांना सांगतं. या दोन्हींतून राज्यं आपापली वाट काढतात, आणि म्हणून नकाशा इतका वेडावाकडा दिसतो.

न्यू जर्सीची वाट अशी. २०१८ च्या नोव्हेंबरात तेव्हाचे ॲटर्नी जनरल गुरबीर ग्रेवाल यांनी 'इमिग्रंट ट्रस्ट डायरेक्टिव्ह' काढला, आणि तो २०१९ च्या मार्चपासून लागू झाला. केवळ इमिग्रेशनच्या संशयावरून राज्यातल्या पोलिसाने कोणाला थांबवायचं नाही, अटक करायची नाही. गुन्ह्याच्या तपासाला गरज नसेल तर स्थिती विचारायची नाही. आइसच्या धाडीत सामील व्हायचं नाही. तुरुंगात आइसला मुलाखत घ्यायची असेल तर आधी त्या माणसाला वकिलाचा हक्क सांगून त्याची संमती घ्यायची. ओशन आणि केप मे या दोन काउंट्या याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि २०२१ साली थर्ड सर्किटमध्ये हरल्या.

पण यातले अपवाद आपल्या लोकांना कोणी सांगत नाही. गंभीर किंवा हिंसक गुन्ह्याचा नुसता आरोप असला, पूर्वी तशी शिक्षा झालेली असली, मागच्या ५ वर्षांत दुसऱ्या एखाद्या इंडायटेबल (न्यू जर्सीत मोठ्या कोर्टात चालणाऱ्या) गुन्ह्यात दोषी ठरलेला असला, किंवा फेडरल न्यायाधीशाच्या सहीचा हद्दपारीचा अंतिम आदेश असला, तर न्यू जर्सीचा तुरुंगसुद्धा आइसला सुटकेची वेळ कळवू शकतो आणि त्या दिवशी रात्री ११:५९ पर्यंत माणसाला थांबवून ठेवू शकतो. घरगुती हिंसाचाराचे इंडायटेबल गुन्हेही या गंभीर यादीत येतात. नवरा-बायकोच्या भांडणात पोलिस आले, गळ्याला हात लावल्याचा आरोप लागला, की "न्यू जर्सीत काही होत नाही" हे वाक्य संपलं. शिवाय हा निर्देश राज्याच्या पोलिसांना बांधतो, आइसला नाही. आइस इथे स्वतःची माणसं घेऊन फिरतेच. २०२५ च्या मे महिन्यात नुअर्कला डिलेनी हॉल हे १,००० खाटांचं बंदिस्थान सुरू झालं आहे.

आता जॉर्जिया. तिथे पूर्ण उलट. तुरुंगात आलेल्या माणसाचं राष्ट्रीयत्व कोणतं आणि तो कायदेशीर आहे का, हे तपासायला राज्याचा कायदाच तुरुंगाला सांगतो. २०२४ साली एचबी ११०५ ने ते आणखी कडक केलं. लेकन रायली या विद्यार्थिनीच्या खुनानंतर तो कायदा आला. म्हणून तुमच्या भाच्याला जन्म कुठला ते विचारलं. त्याच्यावर वेगळा संशय होता म्हणून नाही. टेक्ससमध्ये २०१७ च्या एसबी ४ पासून डिटेनर पाळणं सक्तीचं आहे, न पाळणाऱ्या शेरीफला, म्हणजे काउंटीच्या पोलिसप्रमुखाला, दंड आणि पदावरून हटवण्याची तरतूद आहे, आणि २०२५ च्या नव्या कायद्याने तुरुंग चालवणाऱ्या शेरीफांना आइसशी करारही करायला लावलं आहे. फ्लोरिडात सगळ्या ६७ काउंट्या करारात आहेत. या राज्यांतल्या फ्रिस्को, प्लेनो, आल्फारेटा, टँपा इथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी एडिसनच्या नातेवाइकांचा सल्ला आपल्याला लागू पडतो असं समजू नये.

हा करार म्हणजे २८७(जी). १९९६ साली क्लिंटन यांच्या काळात इमिग्रेशन कायद्यात हे कलम घातलं गेलं. त्यानुसार लोकल पोलिसाला इमिग्रेशन अधिकाऱ्याचे काही अधिकार मिळतात. पहिला करार २००२ साली फ्लोरिडाने केला. याचे तीन नमुने आहेत. एकात तुरुंगातले अधिकारी कैद्यांची चौकशी करून कागद तयार करतात. दुसऱ्यात ते फक्त आइसचं वॉरंट बजावतात. तिसरा नमुना टास्क फोर्सचा. त्यात रस्त्यावर गाडी अडवणारा पोलिसच तुमची स्थिती विचारू शकतो आणि इमिग्रेशनसाठी अटक करू शकतो. हा तिसरा नमुना २०१२ साली बंद केला होता, २०२५ च्या जानेवारीत तो पुन्हा सुरू झाला. तेव्हा देशभर सगळे मिळून १३५ च्या आसपास करार होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आकडा १,००० च्या पुढे गेला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तर अशा प्रशिक्षित पोलिसांचा पगार आणि भत्ते फेडरल सरकार भरून देऊ लागलं. लहान काउंटीच्या शेरीफला असे पैसे नाकारणं सोपं नसतं.

माझं मत सांगते. तुरुंगातल्या नमुन्याची बाजू शेरीफ लोक मांडतात ती मला समजते: गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेला माणूस तुरुंगातच ताब्यात घेतला तर रस्त्यावर, त्याच्या घरासमोर, मुलांदेखत धरपकड होत नाही. यात तथ्य आहे. पण टास्क फोर्सचा नमुना मला मुळीच मान्य नाही. पूर्वी यासाठी चार आठवड्यांचं प्रशिक्षण होतं, आता ४० तासांचा ऑनलाइन कोर्स आहे. इमिग्रेशन कायदा मी वर्षानुवर्षं हाताळते आणि अजूनही रोज नियम उघडून बघावे लागतात. मुदतवाढीचा अर्ज प्रलंबित असलेला एच-१बीवाला कायदेशीर आहे की नाही, हे हायवेच्या कडेला उभ्या असलेल्या पोलिसाने कसं ठरवायचं? ते कळत नसलं की मग रंग, नाव आणि उच्चार बघितले जातात. ॲरिझोनाच्या मॅरिकोपा काउंटीत शेरीफ जो अर्पायो यांनी हेच केलं. २०११ साली न्याय खात्याने आणि २०१३ साली फेडरल कोर्टाने सांगितलं की तिथे लॅटिनो लोकांना वंशावरून लक्ष्य केलं गेलं. आपला रंगही त्याच पट्टीत येतो, हे आपल्यातले "आम्ही लीगल आहोत, आम्हाला काय" म्हणणारे विसरतात.

आता तुमच्या भाच्याकडे येते. त्याचं एच-१बी चालू असेल तर निव्वळ अटकेने तो हद्दपारीजोगा होत नाही, आणि डिटेनर आला नाही हे त्याचंच लक्षण आहे. पण लायसन्स कसं टळलं ते आधी बघा. आपल्या मुलांचं हे नेहमीचं दुखणं आहे. लायसन्सची मुदत बहुतेक राज्यांत आय-९४च्या, म्हणजे कधीपर्यंत राहता येईल ते सांगणाऱ्या प्रवेशाच्या नोंदीच्या, तारखेला बांधलेली असते. कंपनीने मुदतवाढीचा अर्ज वेळेत केला की आय-९४ संपल्यानंतरही २४० दिवसांपर्यंत नोकरी करता येते, त्यामुळे मुलगा निश्चिंत असतो. लायसन्सला मात्र तो नियम आपोआप लागत नाही. नोकरी कायदेशीर आणि गाडी चालवणं बेकायदा, अशी स्थिती होते. न्यू जर्सीत हा ट्रॅफिकचा मामला, बहुधा समन्स हातात देऊन सोडतात. जॉर्जियात विना-लायसन्स गाडी चालवणं हे मिसडेमीनर, म्हणजे किरकोळ पण फौजदारी गुन्हा, आहे, तिथे बेड्या पडू शकतात आणि ठसे जातात. अर्जाची पावती घेऊन लायसन्सच्या ऑफिसात मुदत टळायच्या आधी जायला हवं, आणि नवं हातात येईपर्यंत किल्ली दुसऱ्याकडे द्यायला हवी.

पुढची पायरी कोर्टाची, आणि इथे माझी एकच कळकळीची विनंती आहे. "लवकर मिटवून टाकू" म्हणून पहिल्याच तारखेला गिल्टी म्हणू नका. इमिग्रेशन कायद्यात शिक्षेची व्याख्या वेगळी आहे. कोर्टासमोर गुन्हा कबूल केला आणि थोडंसं जरी बंधन घातलं गेलं, तर नंतर राज्याने खटला पुसून टाकला तरी फेडरल कायद्याच्या नजरेत ती शिक्षाच राहते. अटी पाळल्या की खटला काढून टाकणारा न्यू जर्सीतला कंडिशनल डिसमिसल कार्यक्रम ऐकायला गोड वाटतो, पण त्यात आधी गुन्हा कबूल करावा लागतो, म्हणून परदेशी नागरिकासाठी तो सापळा आहे. पीटीआयमध्ये, म्हणजे खटला चालण्याआधीच्या देखरेखीच्या कार्यक्रमात, बहुतेक वेळा कबुली लागत नाही, म्हणून तो वेगळा. २०१० सालच्या पडिया खटल्यापासून फौजदारी वकिलाने इमिग्रेशनचे परिणाम सांगणं हे त्याचं कर्तव्यच आहे, तेव्हा त्याला तसं तोंडावर विचारा.

दुकानातल्या चोरीचं उदाहरण देते, कारण ही प्रकरणं आपल्याकडे वाढली आहेत. सेल्फ-चेकआउटला दोन वस्तू स्कॅन केल्या नाहीत, दारात अडवलं. न्यू जर्सीत २०० डॉलरपेक्षा कमी किमतीचा माल असेल तर जास्तीत जास्त शिक्षा ६ महिने. जॉर्जियात ५०० डॉलरपर्यंतच्या मालाला ती १२ महिने. प्रत्यक्षात दोन्हीकडे तुरुंगवास बहुधा होणार नाही. पण अमेरिकेत आल्यापासून ५ वर्षांच्या आत चोरीसारखा नैतिक अधःपाताचा गुन्हा, आणि त्याला एक वर्ष किंवा जास्त शिक्षा होऊ शकते, एवढं हद्दपारीला पुरतं. इथे झालेली शिक्षा मोजत नाहीत, होऊ शकली असती ती मोजतात. तोच साबण, तेवढीच किंमत, राज्याची सीमा ओलांडली की निकाल वेगळा. शिवाय न्यू जर्सीत दुकानचोरीच्या अटकेत ठसे घेणं कायद्याने सक्तीचं आहे, दारू पिऊन गाडी चालवणं हा मात्र इथे ट्रॅफिकचा गुन्हा धरला जातो. सीमा ओलांडून विनातपासणी आलेल्यांना तर २९ जानेवारी २०२५ च्या लेकन रायली कायद्याने दुकानचोरीच्या नुसत्या अटकेवर सक्तीची कोठडी लागते, दोष सिद्ध व्हायची वाट बघत नाहीत. "असे लोक आपल्यात नाहीत" म्हणू नका. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला लष्करी विमानाने १०४ भारतीयांना परत आणलं, त्यात महाराष्ट्रातले तिघे होते.

दारूच्या अटकेला न्यू जर्सी ट्रॅफिक म्हणो, परराष्ट्र खातं तसं मानत नाही. २०१५ पासून त्यांचं धोरण आहे की मागच्या ५ वर्षांत मद्यपान करून गाडी चालवल्याबद्दल अटक झाली असेल तर पासपोर्टमधला व्हिसा रद्द करता येतो. एक ईमेल येतो. इथलं राहणं त्याने लगेच बेकायदा होत नाही, पण भारतात गेलात की नवा व्हिसा आणि वैद्यकीय तपासणी झाल्याखेरीज परत येणं नाही. दिवाळीला जाऊन अडकलेली माणसं मी पाहिली आहेत. आणि २०२५ च्या वसंतात विद्यार्थ्यांचं जे झालं ते आठवा: सुमारे १३ लाख विद्यार्थ्यांची नावं पोलिस नोंदींच्या राष्ट्रीय साठ्यातून चाळली, ६,४०० च्या आसपास नावं जुळली, आणि हजारोंच्या सेव्हिस नोंदी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी) एका फटक्यात बंद केल्या. त्यात खटला काढून टाकलेले होते, निव्वळ ट्रॅफिकवाले होते. कोर्टात दावे लागल्यावर एप्रिलअखेर नोंदी पूर्ववत झाल्या. कोणत्याही २८७(जी) कराराशिवाय हे घडलं, पोलिसाने कधीतरी केलेल्या एका नोंदीवर.

बाँडबद्दल. पुढे कुटुंबात कोणावर अशी वेळ आली तर पैसे भरायच्या आधी तुरुंगाला विचारा की आइस होल्ड आहे का. नसेल तर एक तासही न दवडता भरा. असेल तर भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, कारण बाँड भरला की स्थानिक सुटका होते आणि डिटेनरचे ४८ तास सुरू होतात. आइस आली तर माणूस दूरच्या राज्यातल्या बंदिस्थानात जातो, इथल्या फौजदारी तारखेला हजर राहू शकत नाही, आणि बाँड भरून देणाऱ्या बाँड्समनला दिलेली फी परत मिळत नाही. आइस ४८ तासांत आली नाही तर मात्र त्याला सोडलंच पाहिजे, आणि त्या वेळी दारात वकील किंवा निदान त्याचं पत्र असायला हवं. भरायचं की थांबायचं हे प्रत्येक प्रकरणात वेगळं. रीतसर व्हिसावर आलेल्याला इमिग्रेशन न्यायाधीशाकडून जामीन मिळण्याची शक्यता असते. विनातपासणी आलेल्यांना तो मिळू नये असा निर्णय इमिग्रेशन अपील बोर्डाने २०२५ च्या सप्टेंबरात दिला आहे, आणि अनेक फेडरल न्यायाधीशांनी तो मानलेला नाही.

तुरुंगात काय बोलायचं? नाव, पत्ता द्या. देश, प्रवेश, व्हिसा यावर "वकिलाशी बोलल्याशिवाय सांगणार नाही" असं शांतपणे म्हणता येतं. खोटं मात्र कधीही नाही. घाबरून "सिटिझन?" या प्रश्नाला "येस" म्हटलेल्याला ग्रीन कार्डाचं दार जवळजवळ कायमचं बंद होतं, त्याला माफीसुद्धा नाही. आणि भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवा असं स्वतः सांगावं लागतं. काही देशांच्या बाबतीत कळवणं आपोआप होतं, भारत त्या यादीत नाही.

हे सगळं वाचून कोणी ९११ ला फोन करायला कचरू नये, विशेषतः एच-४वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असलेल्या बायकांनी. पोलिसांनी इमिग्रेशनपासून लांब राहावं ही कल्पना मुळात पोलिसांचीच आहे. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी १९७९ साली स्वतःच तसा आदेश काढला, कारण घाबरलेला साक्षीदार पुढे येत नाही आणि मग गुन्हा सुटत नाही. मार खाणाऱ्या बाईने फोन केला, तपासाला मदत केली, तर यू व्हिसाचा, म्हणजे गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीच्या व्हिसाचा, मार्ग असतो, आणि त्यासाठी लागणाऱ्या फॉर्मवर सही लोकल पोलिसच करतात. रांग फार लांब आहे, वर्षाला १०,००० ची मर्यादा आहे. तरी तो मार्ग आहे. नवरा "तुलाच डिपोर्ट करतील" म्हणत असेल तर ती धमकीसुद्धा लिहून ठेवा. न्यू जर्सीत 'मानवी' ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी हेच काम करते. आधी तिथे बोला, नाहीतर माझ्यासारख्या कोणाशीही बोला, पण गप्प राहू नका.

आता आई-बाबा. १८ वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा सतत जवळ बाळगावा, असा जुना कायदा आहे, आणि २०२५ पासून त्याकडे पुन्हा काटेकोरपणे बघितलं जातं. पाहुण्यांसाठी तो पुरावा म्हणजे आय-९४. ते आल्यावर दुसऱ्याच दिवशी वेबसाइटवरून काढा, नावाचं स्पेलिंग आणि परतीची तारीख तपासा, छापा. त्याची घडी, पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि व्हिसाची प्रत, तुमचा पत्ता आणि फोन, हे सगळं बाबांच्या खिशात आणि आईच्या पर्समध्ये वेगवेगळं. दोघांचं एकाच पाकिटात ठेवू नका. मूळ पासपोर्ट घरी. तुमचं ग्रीन कार्ड असेल तर ते मात्र मूळच जवळ हवं.

इंग्रजी कमी येत असेल तर एका कार्डावर तसं ठळक लिहून द्या. २०१५ साली अलाबामातल्या मॅडिसन गावात नातवासाठी आलेले एक गुजराती आजोबा सकाळी फिरत होते. शेजाऱ्याने संशयावरून फोन केला, पोलिसांचं बोलणं त्यांना कळलं नाही, आणि त्यांना जमिनीवर आपटल्यामुळे अर्धांगवायूसारखी अवस्था झाली. त्यात इमिग्रेशनचा संबंध नव्हता. पण पोलिसाने हाक मारली की थांबायचं, हात खिशात घालायचे नाहीत, मागे वळायचं नाही, कार्ड काढण्याआधी बोटाने खिसा दाखवायचा, हे घरातच दोनतीनदा करून बघा. वयस्कर माणसं अपमान वाटून घेतील, तरी करून घ्या.

भाच्याला अजून एक सांगा. खटला निकाली निघाला की कोर्टाच्या क्लार्ककडून निकालाची शिक्क्याची प्रत घ्या, एक नव्हे, तीनचार. पोलिसांची अटकेची नोंद त्या साठ्यात राहते, निकाल मात्र कित्येकदा तिथे पोचतच नाही. पुढची मुदतवाढ, मुंबईतली व्हिसाची मुलाखत, विमानतळावरचा अधिकारी, ग्रीन कार्ड, प्रत्येक ठिकाणी त्याला अटक दिसणार आणि विचारणार. "अटक झाली होती का?" या प्रश्नाला खरं उत्तर "हो" असंच द्यायचं, आणि ती प्रत पुढे करायची. मुदतवाढीचा अर्ज भरणाऱ्या कंपनीच्या वकिलालाही ती आत्ताच पाठवून ठेवा.